तापामागची गुठळी

टायफॉइडची इंजेक्शनं संपली, ताप उतरला, मी कामावर रुजूही झाले, आणि पुन्हा हुडहुडी भरली. या वेळची थंडी वेगळी होती. दुपारी चारच्या सुमारास दात वाजायला लागायचे, अंगावर गोधड्या टाकल्या तरी खाट हलायची, आणि तासाभरात घामाने उशी भिजायची. मग रात्रभर मी चांगली. इतकी चांगली, की सकाळी घरातल्यांना वाटायचं, उतरला एकदाचा.

मी एका साखर कारखान्यात उसाची बिलं काढण्याच्या कामावर आहे. वय त्रेचाळीस. शुगर नाही, बीपी नाही. हंगाम नुकता सुरू झाला होता आणि पहिल्या पंधरवड्याची बिलं तोंडावर होती, त्यामुळे घरच्यांइतकीच मलाही हा ताप टायफॉइडच असावा अशी इच्छा होती. विडाल टेस्ट पॉझिटिव्ह होती. पण आमच्या भागात तापाच्या जवळपास प्रत्येक माणसाची विडाल होते आणि बऱ्याच जणांची पॉझिटिव्ह येते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असला किंवा दुसराच कसला संसर्ग असला तरी ती उठते. त्या एका चाचणीवर टायफॉइड ठरवू नये, हे मला पुढे मिरजेला कळलं.

तापाच्या आधी पोट दुखलं होतं. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. मळमळ होती. दिवाळीचे दिवस, त्यामुळे सासूबाईंनी फराळाच्या तेलावर ठपका ठेवला आणि ओव्याचं पाणी दिलं. दुखणं हळूहळू बोथट झालं आणि ताप सुरू झाला. गावातल्या डॉक्टरांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. पण ताप थर्मामीटरवर दिसतो, विरलेलं दुखणं दिसत नाही.

दुसऱ्यांदा ताप आल्यावर सोनोग्राफी झाली. अहवालात होतं: ‘आतड्यातील वायूमुळे अपेंडिक्स दिसले नाही. यकृत किंचित वाढलेले.’ सगळ्यांनी तो अहवाल नॉर्मल म्हणून वाचला. माझ्या टेबलावर वजनकाट्याची पावती सापडली नाही, एवढ्यावर मी शेतकऱ्याचा ऊस आलाच नव्हता असं लिहू शकत नाही. इथे मात्र दिसलं नाही म्हणजे तिथे काही नाही, असं सहज धरलं गेलं. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी १९,००० होत्या, यकृताच्या चाचण्यांत बिलिरुबिन थोडं वर आणि अल्कलाइन फॉस्फटेज बरंच वर. त्या शेवटच्या आकड्याने तालुक्याचे फिजिशियन थबकले. टायफॉइडमध्ये लिव्हर बिघडू शकतं, पण हा आकडा त्यांना पटेना. त्यांनी चिठ्ठी दिली: मिरजेला जा, आजच.

मिरजेला पहिलं काम झालं ते ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचं. दोन्ही दंडांतून वेगवेगळं रक्त काढलं, बाटल्यांत भरलं, आणि त्यानंतरच अँटिबायोटिकची बाटली लावली. हा क्रम सिस्टरने मुद्दाम पाळला. औषध आधी गेलं तर बाटलीत जंतू वाढेनासे होतात. टायफॉइडच्या इंजेक्शनांआधी माझं कल्चर झालं नव्हतं, हे ऐकून तिथल्या निवासी डॉक्टरने काहीच न बोलता कागदावर रेघ ओढली.

मग सीटी स्कॅन. आधी क्रिएटिनीन पाहिलं, कारण शिरेतून जाणारा डाय किडनीवाटे बाहेर पडतो. डाय जाताना घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट जाते आणि आपल्याला लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. टेक्निशियनने हे आधी सांगितलं म्हणून बरं. डाय गेल्यावर साधारण मिनिटभराने मुख्य फोटो काढतात, म्हणजे तोवर तो आतड्यांतून फिरून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरलेला असतो. फॉर्मवर शंका लिहिली होती ‘यकृतात पू?’. स्कॅन संपल्यावर रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “ताई, तापाच्या आधी पोट कुठे दुखलं होतं?” इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला. मी उजवीकडे खाली बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी पोटविकाराच्या मॅडमनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. आतडी, प्लीहा, स्वादुपिंड या सगळ्यांचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आतड्यांकडून येणारी सुपिरिअर मेझेंटेरिक शीर आणि प्लीहेकडून येणारी शीर स्वादुपिंडाच्या मागे एकत्र होतात आणि तिथून पुढे पोर्टल व्हेन म्हणून यकृतात शिरतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश या एका शिरेतून येतं. माझं अपेंडिक्स सुजून त्याच्याशेजारी पू साठला होता. तिथले जंतू बारीक शिरांत घुसले, शिरांच्या आतल्या अस्तराला सूज आली, त्यावर रक्त गोठलं, आणि ती जंतूंनी भरलेली गुठळी सुपिरिअर मेझेंटेरिकमधून पोर्टल व्हेनपर्यंत आणि तिच्या उजव्या फांदीत पोचली होती. वाटेत तिचे कण सुटून यकृतात लहान लहान पूच्या जागा झाल्या होत्या. रोज चारची हुडहुडी तिथून येत होती.

या सगळ्याला पायलेफ्लेबायटिस म्हणतात. मॅडमनी शब्द लिहून दिला, कारण मी विचारला. अपेंडिक्सखेरीज मोठ्या आतड्याच्या भिंतीला येणाऱ्या पिशव्यांच्या संसर्गातून, पित्तनलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या सुजेतूनही तो होतो. तान्ह्या बाळाची नाळ पिकली तरी होऊ शकतो. अँटिबायोटिक येण्याआधी यातून जवळजवळ कोणी वाचत नसे. आणि आता? नवऱ्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, “आताही साधारण दहातला एक जातो. पण त्यातले बरेच उशिरा सापडलेले असतात. तुमच्या आतड्याचा रक्तपुरवठा अजून चांगला आहे, ही मोठी गोष्ट आहे.” मला त्यांचं हे सरळ आकडा सांगणं आवडलं. नवऱ्याला नाही आवडलं. तो बाहेर जाऊन चहा पिऊन आला.

कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू उगवला. खाली औषधांची यादी आणि समोर एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. रकाने वाचायची मला सवय आहे, म्हणून मी आधी टायफॉइडसाठी दिलेलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शोधलं. समोर आर होता. हा जंतू त्या गटातल्या औषधांचे तुकडे करणारं एन्झाइम बनवतो, आणि आपल्याकडे असे जंतू भरपूर आहेत. मधे ताप का उतरला होता? मॅडमचा अंदाज असा की आत एकच जंतू नव्हता. त्या औषधाला बधणारे इतर काही मेले, हा राहिला. आतड्यात ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतूही असतात, त्यांतला बॅक्टेरॉइड्स या आजारात फार वेळा सापडतो आणि रक्त गोठवायला तो स्वतःच हातभार लावतो. प्रयोगशाळेत तो वाढवणं कठीण, म्हणून उगवला नाही तरी तो आहे असं धरूनच उपचार करतात. मेरोपेनेम सुरू झालं, दर आठ तासांनी. ते या दोघांनाही पुरतं, त्यामुळे तोंडाला धातूची चव आणणारं मेट्रोनिडॅझोल बंद झालं. जेवण पुन्हा जेवणासारखं लागायला लागलं ते त्या दिवसापासून.

अपेंडिक्सजवळचा पू काढायला सर्जननी सोनोग्राफीखाली पोटातून बारीक नळी घातली. लगेच ऑपरेशन का नाही, असं मी विचारलं. इतकी सूज असताना आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, हात घालायला गेलं तर कधी कधी आतड्याचाच भाग काढावा लागतो, असं ते म्हणाले. पिशवीत पिवळट, घाण वासाचा पू उतरला आणि दोन रात्रींत हुडहुडी थांबली. यकृतातल्या जागा लहान होत्या, त्यांना सुई लावायची गरज पडली नाही.

खरा वाद झाला तो रक्त पातळ करायचं की नाही यावर. वाद म्हणजे भांडण नव्हे. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी सर्जन, पोटविकाराच्या मॅडम आणि रक्तविकाराचे सर उभे राहून बोलत होते आणि मी ऐकत होते. गुठळी जंतूंमुळे झाली आहे, जंतू मेले की ती आपोआप विरघळू शकते, मग नुकती नळी घातलेल्या पोटात रक्तस्राव ओढवून का घ्यायचा, हे सर्जनचं म्हणणं. गुठळी सुपिरिअर मेझेंटेरिकमध्ये आहे, ती मागे आतड्याच्या लहान शिरांत पसरली तर आतडं काळं पडेल, आणि पोर्टल व्हेन कायमची बंद राहिली तर पुढे अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताच्या उलट्या होतील, हे मॅडमचं. रक्तविकाराचे सर म्हणाले, या आजारात चिठ्ठ्या टाकून दोन गट करून केलेला अभ्यासच नाही. आजार इतका दुर्मिळ आहे की तो होणंही कठीण. जुन्या रुग्णांच्या नोंदी चाळून जे दिसतं त्यात रक्त पातळ केलेल्यांच्या शिरा जास्त उघडलेल्या दिसतात. पण ज्यांची तब्येत बरी त्यांनाच ते औषध दिलं गेलं असेल, असंही असू शकतं.

माझ्यासमोर इतकं खरं बोललेलं मी कुठल्याच दवाखान्यात ऐकलं नव्हतं. शेवटी गुठळीची जागा पाहून द्यायचं ठरलं. नळीला रक्त नाही हे पाहून दिवसातून दोनदा बेंबीच्या बाजूला रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली. कातडी चिमटीत धरून सुई घालायची आणि नंतर चोळायचं नाही. चोळलं की निळं पडतं. मावशी प्रेमाने चोळायला यायच्या, त्यांना थांबवावं लागायचं.

सरांनी मला आणखी एक विचारलं होतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिवाळीत घेतल्या होत्या का? आमच्याकडे सण, सत्यनारायण, लग्न, काहीही असलं की औषधाच्या दुकानातून त्या गोळ्या येतात, चिठ्ठी कोणी विचारत नाही. त्या हार्मोनने रक्त गोठण्याचा धोका वाढू शकतो. मी घेतल्या नव्हत्या. जाऊबाई घेतात. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष शोधणाऱ्या प्रोटीन सी, प्रोटीन एस अशा चाचण्या आत्ता करून टाकू का, असं नवऱ्याने विचारलं, कुठल्याशा व्हिडिओत ऐकून. सर म्हणाले, ताजी गुठळी आणि बिघडलेलं यकृत असताना ते आकडे खालीच येतात, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असतानाही. उगाच एक आजार चिकटवून घ्याल. गोळी थांबल्यावर करू.

अँटिबायोटिक शिरेतून सहा आठवडे चालणार होतं, यकृतात पू होता म्हणून. तितके दिवस मिरजेत राहणं परवडणारं नव्हतं. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक लांब बारीक नळी घातली, पिक लाइन, आणि मेरोपेनेमऐवजी दिवसातून एकदाच द्यावं लागणारं एर्टापेनेम लिहून दिलं. ते गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात रोज अर्ध्या तासात होत असे. अंघोळीला दंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, त्या हाताने घागर उचलायची नाही, दर आठवड्याला ड्रेसिंग. कुपीवर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा दर यांत इतका फरक होता की माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. तीन दुकानांत विचारून घ्या, एवढंच सांगते. निम्म्याहून कमीत मिळालं.

ताप गेलेला, भूक आलेली, चेहऱ्यावर तेज आलेलं, आणि तरी रोज सुई. हा काळ मला दवाखान्यातल्या दिवसांपेक्षा जड गेला. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, आता तर चांगली दिसतेस, बास कर ती औषधं.

घरी येण्याआधी पोटातल्या इंजेक्शनांच्या जोडीने रक्त पातळ करण्याची अ‍ॅसेनोकुमारॉलची गोळी सुरू झाली होती. आयएनआर दोनच्या वर टिकल्यावरच इंजेक्शनं थांबली. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप. दोन ते तीनच्या मधे ठेवायचं. पहिला १.४ आला, मग २.१, आणि मग एकदम ३.८. अँटिबायोटिकमुळे आणि कमी खाण्यामुळे तो असा वर जाऊ शकतो, म्हणून सुरुवातीला तपासणी सारखी करावी लागते. तो हिवाळा, म्हणजे मेथी, पालक, शेपू, हरभऱ्याची कोवळी भाजी. कोणीतरी पालेभाजी पूर्ण बंद सांगितली. मॅडमनी ते खोडून काढलं. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के-मुळे गोळीचा जोर कमी होतो हे खरं, पण बंद केली तर आकडा दुसऱ्या बाजूला पळतो. रोज साधारण तेवढीच खा, म्हणजे गोळी त्या हिशेबाने बसवता येते. एक वाटी ठरली. चार दिवस काही नाही आणि एका रात्री हरभऱ्याच्या भाजीवर ताव, हे चालणार नव्हतं.

कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, हीदेखील पक्की सूचना होती. आपल्याकडे अंगदुखी म्हटली की कंबरेत सुई आणि दुकानातून डायक्लोफिनॅक. गोळी चालू असताना स्नायूत रक्त साकळतं आणि त्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून रक्त जाऊ शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल. रक्त पातळ करणारं औषध चालू असल्याची चिठ्ठी मी मोबाइलच्या कव्हरमागे ठेवली.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कोणीच आधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. पाळी. गोळी सुरू झाल्यानंतरची पहिली पाळी थांबेचना. तासाला पॅड, गाठी, चक्कर. पुरुष डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि मॅडमच्या बाह्यरुग्ण विभागात तितका वेळ नव्हता. शेजारच्या बाईंनी ‘बंद करायची गोळी’ आणून दिली. पाकिटावर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड असं नाव वाचलं आणि मॅडमना फोन केला. ती घेऊ नका, असं त्यांनी ठाम सांगितलं. ती गोळी झालेली गुठळी विरघळू देत नाही, आणि माझ्या पोटात विरघळवायचीच तर होती. नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्यांनाही बंदी, कारण त्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन ८.६ वर आलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयाची सोनोग्राफी केली, एक लहान फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला, जो एरवी कधी कळलाही नसता. सलाइनमधून लोह दिलं, आयएनआर दोनच्या आसपास ठेवायचं ठरलं, आणि गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाचा पर्याय पुढ्यात ठेवला. गोळी काही महिन्यांचीच आहे म्हणून मी थांबले. पुढच्या पाळ्या जड गेल्या पण निभावल्या. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू होणाऱ्या प्रत्येक बाईला हे आधी सांगायला हवं. वय विचारता, मग हेही विचारा.

विम्याच्या कंपनीने दोनदा खुलासा मागितला. दाखल होताना टायफॉइडची शंका, घरी सोडताना शिरेतली गुठळी आणि खर्चात अपेंडिक्सची नळी, हे तीन वेगवेगळे आजार आहेत का? मॅडमनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, मी तारखांचा तक्ता जोडला. पैसे आले.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा सीटी झाला. यकृतातल्या जागा भरून आल्या होत्या, पोर्टल व्हेनची उजवी फांदी उघडली होती. सुपिरिअर मेझेंटेरिकमध्ये भिंतीला चिकटलेला एक पट्टा राहिला आहे, पण त्याच्या बाजूने रक्त वाहतं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. गोळी थांबली. त्यानंतर दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं आणि तपासणीला पाठवलं, कारण या वयात आत गाठ नाही ना हे पाहावं लागतं. नव्हती. रक्त गोठण्याच्या त्या चाचण्याही आता केल्या. सगळ्या नॉर्मल. म्हणजे गुठळीला कारण जंतूच होते, आयुष्यभर गोळीची गरज नाही.

वर्षभराने एक डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते पाहणारी सोनोग्राफी, करायची आहे. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा. कुठलंही हार्मोनचं औषध घेण्याआधी हा सगळा इतिहास सांगायचा, असं डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहिलंय. परवा दिरांच्या घराची वास्तुशांती ठरली आणि जाऊबाईंनी सगळ्या बायकांसाठी मिळून गोळ्या मागवल्या. मी कार्ड काढून दाखवलं. माझं पाकीट परत गेलं. तिचं गेलं की नाही, मी विचारलं नाही.